मलिक अंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर एका परिच्छेदात येतो आणि संपतो. निजामशाहीचा हबशी वजीर, गनिमी कावा, जमीन महसूल. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं, पण या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे कोणी सांगत नाही. खरा मलिक अंबर त्या संबंधातच सापडतो, असं माझं मत आहे. त्याच्याविषयी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मलिक अंबर नेमका कोण होता?

आफ्रिकेतल्या अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८च्या सुमारास जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वाधिकारी झालेला सेनानी. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला तेव्हा ते राज्य संपलं असंच सगळ्यांना वाटलं होतं. अंबरने ते पुन्हा उभं केलं आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पाव शतक, अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांपासून राखलं.

तो खरोखर गुलाम होता का? मग कारभार कुठे शिकला?

हो, खरोखर. त्याचं मूळ नाव चापू किंवा शांबू असं काहीसं होतं. लाल समुद्राच्या काठावरच्या मोखा बंदरातून तो बगदादला गेला. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं, मुसलमान केलं, 'अंबर' हे नाव दिलं आणि लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं. पश्चिम आशियातल्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या घरी हुशार गुलामाला शिकवण्याची रीत होती, कारण शिकलेला गुलाम पेढी सांभाळत असे आणि विकला तर किंमतही जास्त येई.

१५७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा, म्हणजे मुख्य वजीर, चंगेजखान, जो स्वतःही एके काळचा हबशी गुलामच. राज्य कसं चालतं हे अंबरने या माणसाच्या हाताखाली जवळून पाहिलं. दरबारातली कारस्थानं, परगण्यांचा वसूल, सरदारांचे रुसवेफुगवे, सगळंच. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याची गुलामीतून सुटका झाली आणि तो आपल्या तलवारीच्या बळावर चाकरी शोधू लागला.

हबशी लोक दख्खनमध्ये इतक्या संख्येने कसे?

दख्खनच्या सुलतानांना उत्तरेतून सैनिक मिळत नसत, कारण मधे दिल्लीची सत्ता होती. त्यामुळे माणसं समुद्रमार्गे यायची. इराणी, तुर्की, अरब लोक चौल, दाभोळ, गोवा या बंदरांवर उतरायचे आणि त्याच गलबतांतून हबशी गुलामही यायचे. इथे गुलामी ही आयुष्यभराची नसे. मालक मेला की लष्करी गुलाम बहुधा मोकळा होई, सरदार होई, स्वतःचं पथक उभारी. परदेशातून आलेले 'आफाकी' आणि इथले 'दख्खनी' असे दरबारात दोन तट पडलेले होते, आणि हबशी सहसा दख्खनी गटात असत. परतायला मुलूख नाही, पाठीशी भाऊबंद नाहीत, मग इथलंच व्हायचं. अंबरही तसाच इथला झाला.

एका साध्या स्वाराच्या हाती राज्य आलं कसं?

मोडकळीच्या काळात. काही वर्षं विजापूरला आदिलशाहीत चाकरी करून तो १५९५च्या सुमारास आपल्या लहानशा पथकासह अहमदनगरला परतला. त्याच सुमारास मुघलांनी शहराला पहिला वेढा घातला होता आणि चांदबिबी किल्ला लढवत होती. १६०० मध्ये दुसऱ्या वेढ्याच्या वेळी तिची तिच्याच माणसांनी हत्या केली, किल्ला पडला, आणि बालसुलतान बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं.

राजधानी गेली तरी राज्य गावोगाव शिल्लक होतं. अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधला, त्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्याच्या किल्ल्यात तख्तावर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. तिकडे राजू दख्खनी नावाचा दुसरा सरदार दौलताबादकडचा मुलूख बळकावून बसला होता. काही वर्षं हे दोघे एकमेकांशीही लढत होते आणि मुघलांशीही. १६०७च्या आसपास अंबरने राजूचा निकाल लावला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादला गेली.

मग तो स्वतःच सुलतान का झाला नाही?

सरदार एकत्र राहिले ते निजामशहाच्या नावावर. मराठे देशमुख, दख्खनी मुसलमान, हबशी या सगळ्यांना जोडणारा धागा तेवढाच होता. अंबर स्वतः तख्तावर बसला असता, तर 'कालचा गुलाम आज आमचा धनी?' असं म्हणत निम्मे लोक दुसऱ्याच दिवशी निघून गेले असते. त्याने नाव राजघराण्याचं ठेवलं आणि काम स्वतःच्या हाती ठेवलं. पुढे साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने पेशव्यांनी कारभार केला, तो या धाटणीचाच.

त्याने स्वतःच्या जावयाला विष घातलं, हे खरं का?

मुर्तजा निजामशहाचा १६१० मध्ये विषप्रयोगाने मृत्यू झाला आणि तो अंबरने करवला, असंच मानलं जातं. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोक १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी: सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला 'गुलामाची पोर' म्हणून हिणवलं, अंबरलाही नावं ठेवली, आणि मग सुलतान व ती बेगम दोघेही जिवानिशी गेले. मात्र मुर्तजा अंबरविरुद्ध कारस्थानंही करत होता. त्यामुळे अपमानाइतकाच सत्तेचाही हिशेब यात असणार. अंबरने पाच वर्षांच्या बुऱ्हाणला गादीवर बसवलं आणि त्यानंतर त्याला विचारणारा कोणी उरला नाही. त्याची थोरवी सांगताना ही गोष्ट झाकून ठेवू नये.

मुघलांसारख्या बलाढ्य सत्तेला त्याने इतकी वर्षं कसं थोपवलं?

समोरासमोर लढाई टाळून. मुघल फौज म्हणजे तोफखाना, हत्ती, बाजारबुणगे, डेरे असं चालतं शहर. बुऱ्हाणपूरहून निघालेलं हे शहर अजिंठ्याच्या डोंगररांगा ओलांडून दक्षिणेत आलं की अंबरचे स्वार त्याची रसद तोडत. वैरण जाळत, पाणवठे नासवत, मागे राहिलेल्या तुकड्या कापून काढत, आणि मुघल तोंड देण्यासाठी वळले की पसार होत. हलकं घोडं, खोगिराला बांधलेली भाकरी, सोबत एखादं घोंगडं, बस्स. विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने १६१०च्या सुमारास लिहिलं आहे की अंबरजवळ दहा हजार त्याच्याच जातीचे हबशी आणि सुमारे चाळीस हजार दख्खनी होते. या दख्खनी स्वारांत मराठे मोठ्या संख्येने होते.

जहांगीरने अब्दुर्रहीम खानखानान, अब्दुल्लाखान असे एकाहून एक सेनापती पाठवले. १६११ मध्ये अब्दुल्लाखान गुजरातेतून घाट चढून आला आणि पाठीवर मार खात परत गेला.

गनिमी काव्याचा शोध त्यानेच लावला का?

नाही, आणि असं म्हणणं कोणालाच न्याय देणारं नाही. डोंगरदऱ्यांत राहणारे लोक असंच लढत आले आहेत, आणि मराठा पथकं त्याच्याआधीही बहमनी व निजामशाही फौजांत होती. अंबरने केलं ते वेगळं. या विखुरलेल्या लढवय्यांना त्याने एका योजनेत बांधलं आणि तीच राज्याची मुख्य युद्धपद्धत केली. त्याआधी हे स्वार मोठ्या फौजेच्या कडेने असत. त्याने त्यांना मध्यभागी आणलं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. छापे घालून पसार होणाऱ्या फौजेला गावाचा आधार लागतो. चारा, धान्य, बातमी, लपायला जागा हे सगळं गावच देतं. लुटलेलं, ओसाड पडलेलं गाव काहीच देऊ शकत नाही. म्हणून अंबरची लढाई समजून घ्यायची तर त्याचा महसूल समजून घ्यावा लागतो.

'मलिकंबरी धारा' म्हणजे काय?

अंबरच्या आधी बऱ्याच भागात वसुली मक्त्याने दिली जायची. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा. मग तो रयतेकडून ओरबाडून आपले पैसे वसूल करणार. युद्धाच्या धामधुमीत याचा परिणाम काय झाला असेल, हे सांगायला नको. शेतकरी गाव सोडून जायचे.

अंबरने मक्ता बंद केला. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सरकारचा हिस्सा ठरवला. सुरुवातीला तो धान्याच्या रूपात, साधारण दोन पंचमांश घेतला जाई. काही हंगामांचा अनुभव जमा झाल्यावर त्याऐवजी रोख धारा, म्हणजे सारा, बसवला, तो उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांश. तोही दरवर्षी किती जमीन लागवडीखाली आली ते पाहून. पीक बुडालं तर त्या मानाने सूट. वसुलीचं काम मुख्यतः ब्राह्मण कारकुनांकडे आणि वर देखरेख मुसलमान अंमलदारांची.

यात माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे मोडलेली गावं पुन्हा बसवणं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार ही जुनी घडी जिथे विस्कटली होती तिथे त्याने ती पुन्हा लावली, आणि कसणाऱ्याचा जमिनीवरचा वंशपरंपरागत मिरासी हक्क मान्य केला. जमीन आपली आहे, उद्याही आपलीच राहणार, हे कळलं की माणूस विहीर खणतो, बांध घालतो. काही अभ्यासक अकबराचा महसूलमंत्री तोडरमल याच्याशी त्याची तुलना करतात आणि ती योग्यच आहे, पण तोडरमलामागे स्थिर साम्राज्य होतं. अंबरने ही घडी दरवर्षी शत्रूच्या टाचेखाली येणाऱ्या मुलखात बसवली.

त्याचं नाव कागदपत्रांत टिकलं ते यामुळेच. त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षं मराठी दफ्तरांत 'मलिकंबरी' हा शब्द येत राहतो. पुणे परगण्याची पुन्हा वसाहत करताना दादोजी कोंडदेवांनी या धाऱ्याचा आधार घेतला आणि पुढे स्वराज्याचा महसूल त्याच पायावरून सुधारत गेला.

भातवडीच्या लढाईत काय घडलं?

१६२४. अंबर तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होता. मुघल आणि आदिलशाही यांनी एकत्र येऊन त्याला कायमचं संपवायचं ठरवलं. विजापूरची फौज मुल्ला मुहम्मद लारीच्या हाताखाली आणि सोबत मुघल सरदार. दोन्ही बाजूंनी चिमटा बसणार होता.

अंबर विजापूरच्या मुलखातून माघार घेत आपल्या हद्दीत आला आणि अहमदनगरजवळच्या भातवडीला थांबला. ही जागा त्याने विचारपूर्वक निवडली होती. तिथे निजामशाहीतलाच एक मोठा तलाव आहे. शत्रूची छावणी खालच्या अंगाला पडेल अशी तजवीज झाल्यावर अंबरने तलाव फोडला. आधीच पावसाने ओली झालेली जमीन चिखल झाली, तोफा आणि गाडे रुतले. त्यातच रसद तोडलेली. छावणीत उपासमार सुरू झाली आणि माणसं फुटून अंबरकडे येऊ लागली. रात्रीचे छापे चालूच होते. शेवटी त्याने हल्ला केला तेव्हा समोर लढण्याच्या स्थितीत फारसं कोणी नव्हतं. मुल्ला मुहम्मद मारला गेला, बरेच सरदार कैद झाले.

या लढाईत शहाजीराजे भोसले आणि त्यांचे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच पडले. समोरच्या बाजूला मुघलांबरोबर लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे होते. एकाच घरचे लोक दोन फौजांत, ही त्या काळची रीतच होती.

विजयानंतर अंबर थेट विजापूरवर गेला, इब्राहिम आदिलशहाने हौसेने वसवलेलं नौरसपूर त्याने लुटलं, उद्ध्वस्त केलं, आणि सोलापूरचा किल्ला घेतला. युद्धनेता म्हणून ही त्याची सर्वोच्च वेळ होती, पण नौरसपूरचा विध्वंस मला त्याच्या कीर्तीला शोभणारा वाटत नाही.

शहाजीराजांवर त्याचा प्रभाव होता का? शिवाजी महाराजांचा तो 'गुरू' म्हणता येईल का?

महाराजांचा जन्म १६३० चा, अंबरचा मृत्यू १६२६ चा. तेव्हा गुरू वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. शहाजीराजांची गोष्ट निराळी. वेरूळच्या मालोजीराजांपासून भोसले निजामशाहीत होते. शहाजीराजांचं तरुणपण अंबरच्या छावणीत गेलं आणि लहान राज्य मोठ्या सत्तेला कसं झुंजवतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त भातवडीचं वर्णन आहे आणि त्यात मलिक अंबरचा उल्लेख आदराने येतो. शिवछत्रपतींच्या चरित्रकाव्यात त्याला हे स्थान मिळावं, यातच पुष्कळ आलं.

तरी शहाजीराजे भातवडीनंतर लवकरच, १६२५ मध्ये, अंबरला सोडून आदिलशाहीत गेले. विजयाच्या श्रेयावरून आणि भाऊबंदकीतून बिनसलं. त्यामुळे 'अंबराने मराठ्यांना घडवलं' हे सरळसोट विधान मी करणार नाही. मराठ्यांच्या बळावर अंबर उभा राहिला आणि त्याच्या पंचवीस वर्षांच्या झुंजीत मराठा घराण्यांना मोठ्या पदांचा, मोठ्या मोहिमांचा सराव झाला. देणं दोन्हीकडून होतं.

तो कधी हरला नाही का?

हरला, अनेकदा. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानच्या मुलाने त्याचा पराभव केला आणि तो जबर जखमी झाला. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला त्याच्यावर सगळ्यात मोठा घाव बसला. त्याचे काही सरदार फुटून मुघलांना मिळाले होते. त्या पराभवानंतर मुघलांनी त्याने वसवलेली खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) जाळली. पुढच्याच वर्षी जहांगीरचा मुलगा शहाजादा खुर्रम याच्यापुढे नमतं घेऊन त्याला अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख द्यावा लागला. तह केला, श्वास घेतला, मुघल फौज परतली की पुन्हा उठला. गमावलेलं परत मिळवण्याची ही चिकाटी त्याच्या विजयांपेक्षाही मोठी आहे. पुढे हाच खुर्रम, म्हणजे शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दख्खनमध्ये आला तेव्हा त्याला अंबरचीच मदत घ्यावी लागली.

खडकी शहर आणि नहर-ए-अंबरी म्हणजे काय?

आजच्या छत्रपती संभाजीनगरची वसाहत अंबरने १६१०च्या सुमारास खडकी या गावी सुरू केली. नंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने त्याला फतेहनगर नाव दिलं आणि औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झालं.

या भागात मोठी बारमाही नदी नाही. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करून ते भुयारी बोगद्यांतून आणि खापरी नळांतून, फक्त उताराच्या जोरावर शहरभर फिरवायचं, अशी योजना अंबरने केली. तीच नहर-ए-अंबरी. ठिकठिकाणी सफाईसाठी उतरायला विहिरीसारखी तोंडं, दाब आवरायला मनोरे, आणि शेवटी हौद. मोटेची, बैलांची गरज नाही. पंप नसताना जमिनीचा उतार इतक्या बारकाईने जोखणारे कारागीर त्याच्याजवळ होते. पुढे शतकानुशतकं शहर या पाण्यावर जगलं, आणि गेल्या काही पिढ्यांत आपण बांधकामांखाली ती नहर जागोजागी फोडली, बुजवली. मराठवाड्यात टँकर फिरताना पाहिले की या हेळसांडीचा राग येतो.

शहरातली पाणचक्कीही त्यानेच बांधली ना?

नाही, हा नेहमीचा गोंधळ आहे. पाणचक्की अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली, आणि तिची नहरही वेगळी. तंत्र मात्र अंबरच्या नहरीचंच.

आणि जंजिऱ्याचे सिद्दी त्याच्याच घराण्यातले का?

जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच आणि निजामशाहीचेच चाकर, पण त्यांचं घराणं अंबरचं नाही. तिथल्या एका प्रमुखाचं नाव सिद्दी अंबर होतं, म्हणून घोटाळा होतो.

जहांगीर त्याचा इतका द्वेष का करायचा?

आपल्या आत्मवृत्तात जहांगीर त्याचा उल्लेख 'काळतोंड्या', 'दळभद्री' अशा शिव्यांशिवाय क्वचितच करतो. त्यात वर्णद्वेष उघड आहे, पण चरफडही आहे. १६१६च्या सुमारास चित्रकार अबुल हसनकडून त्याने एक चित्र काढवून घेतलं. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे, जवळ घुबड. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात जहांगीर रणांगणात त्याच्यासमोर एकदाही आला नाही.

अंबर मेल्यावर जहांगीरच्याच दरबारातला इतिहासकार मुतमदखान याने लिहिलं की युद्धात, नेतृत्वात, विवेकात आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि एखादा हबशी गुलाम इतक्या उंचीला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही साक्ष आहे.

त्याच्यानंतर निजामशाहीचं काय झालं?

मे १६२६ मध्ये अंबर वारला. फत्तेखानाकडे बापाचा आब नव्हता. सुलतानाने सरदारांवर संशय घेतला, १६२९ मध्ये दौलताबादेत लखुजी जाधवरावांना मुलांसह मारलं, त्यावर १६३०-३२ चा भीषण दुष्काळ. फत्तेखानाने १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या स्वाधीन केलं. शहाजीराजांनी पेमगिरीला निजामशाहीतलंच एक मूल गादीवर बसवून राज्य जगवण्याची धडपड केली. परांड्याला अंबरने जे केलं होतं तेच. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा दोघे एकत्र आले आणि ते राज्य संपलं.

त्याच्याशी संबंधित ठिकाणं आज कुठे पाहता येतात?

खुलताबादला त्याची कबर आहे, त्याच्या हयातीतच बांधलेली, काळ्या दगडाची, घुमटाची. पत्नी बीबी करीमा हिची कबरही तिथेच. औरंगजेबाच्या कबरीकडे जाणारे बहुतेक लोक ही पाहतच नाहीत, तेव्हा वाट विचारून जावं लागेल. संभाजीनगरात भडकल दरवाजा आहे, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने १६१२ मध्ये उभारलेला, समोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. नौखंडा महालाचे अवशेष आणि नहरीचे काही मनोरेही शहरात दिसतात. धाराशिव जिल्ह्यातला परांड्याचा किल्ला अजून चांगल्या स्थितीत आहे. भातवडी अहिल्यानगरपासून जवळ आहे. तिथे पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर तलावाचं पाणी आणि खालच्या शेतांचा उतार एका नजरेत येतो, आणि १६२४ची ती चाल लगेच समजते.